माळ्यावरची धिंगरी: देठांचं नंतर बघू, आधी आईचा खोकला

दादा, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि मग झोपच लागेना. म्हणून चहा व्हायच्या आधीच लिहायला बसलेय. लांबलचक होईल, पण शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही लिहिलंय की माळ्यावरच्या दहा बाय बाराच्या जागेत धिंगरीच्या (म्हणजे ऑयस्टर मशरूम, अळिंबीची एक जात) पेंढा आणि बियाणं भरलेल्या ४० पिशव्या टांगल्यात, देठ बोटभर लांब होतात आणि टोप्या मात्र रुपयाएवढ्याच राहतात. दमटपणा टिकावा म्हणून सगळीकडून प्लास्टिक लावलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता एक ओळ: खाली झोपणाऱ्या आईला महिनाभर कोरडा खोकला आहे, पेंढ्याच्या धुरळ्यानं असेल. आतापर्यंत सगळ्यांनी देठांवर उत्तरं दिलीत. त्या शेवटच्या ओळीला कुणी हात लावला नाही. चार वर्षांपूर्वी मी कुणाला विचारलं असतं तर हीच ओळ लिहिली असती, फक्त आईच्या जागी आमचे मामंजी.

पेंढा भिजवणं, गरम पाण्यातून काढणं, मुठीत दाबून ओल बघणं हे तुम्हाला जमतंय, नाहीतर ४० पिशव्या बुरशी भरून पांढऱ्याशुभ्र झाल्याच नसत्या. त्यावर मी वेळ घालवत नाही. देठांचं कारण सरळ आहे. बुरशी श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि तुमच्या प्लास्टिकमुळे तो तिथंच कोंडतो. मग देठ ताज्या हवेसाठी लांबत जातो आणि टोपी पसरत नाही. पिशवीत बुरशी वाढत असते तेव्हा कोंडलेली हवा चालते, पण कोंब दिसायला लागले की हवा खेळायलाच हवी. प्लास्टिक काढलंत तर पुढच्या तोडीला फरक दिसेल.

पण प्लास्टिक काढल्यावर ती हवा जाणार कुठं, हा खरा प्रश्न आहे.

आमचं घर कोल्हापुरात, जुन्या पेठेतलं. वर पत्रा, त्याखाली माळा आणि माळ्याला सागवानी तक्तपोशी. माळ्याखालच्या खोलीत मामंजी झोपायचे. दिवाळी झाल्यावर मी ३० पिशव्या भरल्या. राधानगरीकडचा भाताचा पेंढा, चांगलं बियाणं, पहिली तोड इतकी देखणी आली की गल्लीभर वाटली. डिसेंबरात कोरडं वारं सुटलं, कोंब सुकायला लागले. मग मी तुमच्यासारखंच केलं. पत्र्याच्या फटी बुजवल्या, झरोक्याला प्लास्टिक ठोकलं. आता त्या माळ्याला बाहेरच्या अंगाला एकही तोंड उरलं नाही. जे काही तोंड होतं ते शिडीचं, आणि ते उघडत होतं मामंजींच्या खोलीत. शिवाय तक्तपोशीच्या फळ्यांमधल्या फटी होत्याच.

त्यावर दुसरी चूक केली. ज्या भाजीवाल्याला माल द्यायचे तो म्हणाला, वहिनी, मोठी फुलं आणा, गिऱ्हाईक मोठं बघतं. म्हणून मी तोड दोन-दोन दिवस लांबवायला लागले. टोपीची कड आधी खाली वळलेली असते, मग सपाट होते, मग वर उलटते. मी वर उलटेपर्यंत थांबायचे. धिंगरी सगळ्यात जास्त बीजाणू, म्हणजे तिचं पिठासारखं बारीक बी, नेमके तेव्हाच सोडते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मामंजींच्या उशाशी एक काळा रेडिओ असायचा. रोज सकाळी आत्याबाई तो पदरानं पुसायच्या आणि रोज सकाळी त्यावर पिठासारखा पांढरा थर असायचा. बोट फिरवलं की रेघ उमटायची. आम्ही सगळे म्हणायचो, पेंढ्याची धूळ. पण पेंढ्याची धूळ तपकिरी असते, खरखरीत लागते. ही भुकटी मऊ होती, बोटाला चिकटायची. दोन महिने ती पुसत राहिलो, पण ही धूळ पांढरी कशी असा प्रश्न एकालाही पडला नाही.

मामंजींना या कामाची भारी आवड. दुपारी चारला वर जाऊन पंपानं पाणी मारायचे, मोडके कोंब वेचायचे, तासभर रमायचे. आणि रात्री नऊ-दहाला थंडी वाजून यायची, अंगात कणकण, छातीवर दडपण, कोरडा खोकला. सकाळी बरंच हलकं वाटायचं. म्हणून चारला पुन्हा वर.

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना दोन-अडीच महिने नेलं. फ्लू म्हणाले, मग ब्रॉंकायटिस, मग वयाचा दमा. अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले. इतक्या दिवसांत घरात काय करता, कुठं झोपता, रोज दुपारी काय करता हे एकदाही विचारलं नाही. मी स्वतः एकदा सांगायला गेले की माळ्यावर अळिंबी करतो, तर ते चांगलंय, प्रोटीन असतं, म्हणाले आणि चिठ्ठी हातात दिली. डॉक्टर कामाच्या गर्दीत असतात हे मला कळतं. पण तो एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट पुरतं, आणि ते अर्धं मिनिट आम्हाला मिळालं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

जिथं मी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं तिथंही फोन केला. फी भरून, प्रमाणपत्र घेऊन आलेली मी. विचारलं, या पांढऱ्या भुकटीनं माणसाला काही होतं का? उत्तर आलं, मशरूम म्हणजे औषध आहे मॅडम, त्यानं कुणी आजारी पडत नाही. दोन दिवसांत त्यांनी नफ्याचं गणित तीन वेळा मांडून दाखवलं, बीजाणू हा शब्द एकदाही काढला नाही. घरात, माळ्यावर, रिकाम्या खोलीत करा म्हणून बायकांना उत्साहानं सांगणाऱ्यांनी एवढं तरी सांगायला नको का, की झोपायच्या खोलीला लागून करू नका?

उलगडा झाला तो नणंदेमुळे. तिनं मामंजींना आठ दिवस गडहिंग्लजला नेलं. तिसऱ्या दिवसापासून ताप नाही, खोकला निम्म्यावर. परत आले त्याच रात्री पुन्हा थंडी. मग छातीच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, घरात कबुतरं आहेत का? कोंबड्या? कुठं बुरशी? मी माळ्याचं सांगितलं तसं त्यांनी पेन खाली ठेवलं. सीटी स्कॅन झालं, श्वासाची तपासणी झाली. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. म्हणजे श्वासातून सतत आत जाणाऱ्या बारीक कणांवर फुप्फुसानंच चिडून उठणं. कबुतरांच्या विष्ठेनं होतं तोच प्रकार. अमेरिकेत बटण मशरूमच्या कामगारांमध्ये हा आजार १९५९ सालीच नोंदला गेला होता. तिथं बहुतेक कंपोस्टमधल्या जंतूंमुळे व्हायचा, धिंगरीत खुद्द बीजाणूच पुरेसे असतात.

मी डॉक्टर नाही, हे स्पष्ट सांगते. तुमच्या आईंचा खोकला वेगळ्याच कारणाचा असू शकतो, टीबीपासून ॲसिडिटीपर्यंत काहीही. प्रत्येकाला बीजाणूंचा त्रास होतो असंही नाही. मी स्वतः त्याच माळ्यावर तासन् तास काम केलं, मला साधी शिंक आली नाही. म्हणून तर संशय आला नाही. पण आईंना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि त्यांनी विचारायची वाट न बघता पहिल्या वाक्यात सांगा, आम्ही झोपतो त्याच्या वर अळिंबी वाढवतो. वर गेल्यावर किंवा तोडीनंतर चार-सहा तासांनी त्रास वाढतो का, बाहेरगावी गेल्यावर कमी होतो का, हे आठवून तारखांसकट लिहून न्या. आमच्या डॉक्टरांना त्या कागदाचा खूप उपयोग झाला.

तोवर आज रात्री एक करून बघा. एक पूर्ण उघडलेली टोपी देठापासून कापा, काळ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाटी झाका. सकाळी उचललीत की कागदावर टोपीखालच्या पाकळ्यांची नक्षी उमटलेली दिसेल, पांढरी, चाकाच्या आऱ्यांसारखी. एका टोपीनं एका रात्रीत एवढं सोडलेलं असतं. दुसरा काळा कागद आईंच्या उशाशी उघडा ठेवा. त्यावर सकाळी पांढरं दिसलं तर मला उत्तर द्यायची गरज उरणार नाही. दिसलं नाही तरी बिनघोर होऊ नका, हे कण सुटेसुटे असले की डोळ्यांना दिसत नाहीत, थर साचला तरच दिसतात.

आता माझं मत, आणि ते कडक आहे. माळ्याखाली माणूस झोपत असेल तर त्या माळ्यावर धिंगरी नको. एक्झॉस्ट पंखा बसवून भागेल असं तुम्हाला काहीजण सांगतील. पंखा बाहेरच्या भिंतीला, हवा आत यायला समोरच्या अंगाला जाळी लावलेला झरोका, खालची तक्तपोशी पूर्ण बंद आणि शिडी घराबाहेरून, हे सगळं जमत असेल तर ठीक, त्यांचं खरं. पण जुन्या घरात फळ्यांच्या फटी किती बुजवाल? आणि वीज गेली की पंखा बंद, बीजाणू चालूच. ज्यांचा माळा वापरात नसलेल्या खोलीवर किंवा गोठ्यावर आहे त्यांनी खुशाल करावं.

ज्या पिशव्या आता लागल्यात त्या फेका असं मी म्हणत नाही, तुमचे पैसे आहेत त्यात. पण आईंची झोपायची जागा आजच बदला. तोड कड खाली वळलेली असतानाच करा. वजन थोडं कमी भरेल, पण चव चांगली आणि माल टिकतोही जास्त. वर जाताना एन-९५ मास्क लावा, रुमाल बांधून उपयोग नाही. तोडीआधी जमिनीवर पाणी मारा. ते कपडे घालून घरभर फिरू नका. दुसरी तोड झाली की पिशव्या खाली आणा. तिसऱ्या तोडीला तसंही फार काही येत नाही, हिरवी बुरशी आणि चिलटं मात्र येतात. उरलेला पेंढा परड्यात गांडूळखताला फार छान.

आम्ही जागा बदलली. परड्यात घरापासून पंचवीस-तीस पावलांवर बांबूची खोप केली, बाजूनं गोणपाट, वर पेंढ्याचं छप्पर. गोणपाटावर दिवसातून तीनदा पाणी मारलं की दमटपणा राहतो आणि हवाही खेळते. माळ्यावर प्लास्टिक लावून जे साधत नव्हतं ते इथं आपोआप साधलं. देठ आखूड, टोप्या तळहाताएवढ्या. माळा तसाही फेब्रुवारीनंतर कामाचा राहत नाही, पत्र्याखाली भट्टी होते. उन्हाळ्यात करायचीच असेल तर गुलाबी धिंगरी घ्या, तिला उष्मा जरा सोसतो, पण ती दुसऱ्या दिवशीच मऊ पडते, तेव्हा गिऱ्हाईक आधी बघून ठेवा.

अजून दोन गोष्टी, तुम्ही विचारल्या नाहीत तरी. एक, तुमच्या फोटोत कोपऱ्यात फॉर्मलिनची बाटली दिसली. बाविस्टिन (बुरशीनाशक) आणि फॉर्मलिनच्या (जंतुनाशक) पाण्यात पेंढा भिजवायची पद्धत पुस्तकात आहे, ती चालते, मी नाकारत नाही. पण फॉर्मलिनची वाफ डोळे-घसा जाळते आणि कॅन्सरला कारण ठरते हे सिद्ध झालेलं आहे. राहत्या घरात ती बाटली नको. ८० अंशाच्या पाण्यात तासभर ठेवलेला पेंढा पुरे होतो, गॅस थोडा जास्त जळेल इतकंच. दुसरं, वजनाचा हिशोब करा. किलोभर कोरड्या पेंढ्याची पिशवी ओली झाली की साडेतीन-चार किलो भरते. ४० पिशव्या म्हणजे दीडशे किलो, तेही जुन्या तुळईला टांगून. ती तुळई वाळवीनं खाल्लेली नाही ना, स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा.

बियाणं मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पाकडून मागवते, तुमच्याकडे जवळ कुठलं कृषी विद्यापीठाचं केंद्र असेल तर तिथं आधी विचारा. माल परत विकत घेतो म्हणून महागडं किट गळ्यात मारणाऱ्यांपासून लांब राहा. त्यावर बोलायला लागले तर दिवस जाईल.

मामंजींना काही आठवडे स्टेरॉइड घ्यावी लागली. ताप गेला, खोकला गेला, पण जिना चढताना अजून दम लागतो आणि तो आता लागणारच, असं डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवस आधी माळा रिकामा केला असता तर किती फरक पडला असता, हे मी त्यांना विचारलं होतं. ते काही बोलले नाहीत. मामंजी हल्ली परड्याच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि तिथूनच मला सांगतात कुठल्या गोणपाटाला पाणी कमी पडलंय. आत येत नाहीत, मी येऊ देत नाही.

काळ्या कागदाचं काय झालं ते उद्या सकाळी कळवा. आणि आईंना आज रात्री पुढच्या खोलीत झोपवा.