अमेरिकेतल्या सरकारी शाळेचा निकाल कसा वाचावा?

प्रश्न : मुलगी आणि जावई अमेरिकेत दुसऱ्या गावी राहायला जात आहेत. नात यंदा तिसरीत जाईल. तिथे जवळ दोन सरकारी प्राथमिक शाळा आहेत. राज्याच्या संकेतस्थळावर वाचनाचा निकाल पहिल्या शाळेचा ६७ टक्के, दुसरीचा ५९ टक्के आहे. गरीब घरांतली मुले पहिल्या शाळेत २० टक्के, दुसऱ्या शाळेत ६० टक्के. पहिलीच चांगली ना?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. ६७ टक्के म्हणजे मुलांचे सरासरी गुण नव्हेत. राज्याने ठरवलेली रेषा किती मुलांनी ओलांडली, एवढेच तो आकडा सांगतो. ही रेषा आणि परीक्षा प्रत्येक राज्याची आपापली असते, त्यामुळे दोन राज्यांतल्या शाळांचे असे आकडे शेजारी ठेवू नयेत.

तक्त्याखालच्या गटवार ओळी उघडायला मुलीला सांगा. समजा, पहिल्या शाळेत बऱ्या परिस्थितीतली ७५ टक्के आणि गरीब घरांतली ३५ टक्के मुले रेषेवर आहेत. दुसरीत ८० आणि ४५ टक्के. आता शंभर-शंभर मुले धरून मांडा. पहिली शाळा : ८० पैकी ६०, २० पैकी ७, मिळून ६७. दुसरी : ४० पैकी ३२, ६० पैकी २७, मिळून ५९. दोन्ही गटांत दुसरी शाळा सरस, आणि तरी एकूण निकालात मागे! एकूण आकड्यात शिकवणे जेवढे दिसते, तेवढीच शाळेत येणाऱ्या मुलांची घरची स्थितीही दिसते. अशा वेळी नुसत्या एकूण टक्क्यांवर शाळा नाकारणे हा त्या शिक्षकांवर अन्याय होतो.

गरिबीचा आकडाही जपून घ्या. तो बहुधा मोफत किंवा सवलतीच्या जेवणावरून काढतात : कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. पण काही शाळा अर्ज न मागता सगळ्याच मुलांना मोफत जेवण देतात. त्यासाठी शाळेत सरकारी मदतीच्या नोंदींवरून आपोआप पात्र ठरणाऱ्या मुलांचे किमान प्रमाण लागते; ते २०२३ मध्ये ४० वरून २५ टक्क्यांवर आणले गेले. अशा शाळेचा आकडा एका वर्षात एकदम १०० टक्के झालेला दिसू शकतो. वस्ती गरीब झाली असा त्याचा अर्थ नाही.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची ओळ बहुतेक वेळा खाली दिसते. ज्याला इंग्रजी आले तो या गटातून बाहेर पडतो आणि नवखा आत येतो. अशा बाहेर पडलेल्या मुलांना चार वर्षांपर्यंत याच गटात मोजण्याची मुभा कायद्यात आहे. तुमच्या राज्यात तसे मोजतात का, ते तळटिपेत पाहा.

प्रश्न : त्याच दुसऱ्या शाळेत तिसरीचा निकाल एका वर्षात १२ टक्क्यांनी घसरला आहे. काळजी करावी का?

उत्तर : आधी परीक्षेला बसलेली मुले मोजा. २५ मुलांच्या तुकडीत एक मूल म्हणजे ४ टक्के. तीन मुले इकडची तिकडे झाली की १२ टक्के होतात. शिवाय यंदाची तिसरी आणि गेल्या वर्षीची तिसरी ही वेगवेगळी मुले. तीन वर्षांचे आकडे एकत्र करून पाहा. आकड्याऐवजी फुली किंवा तारा असेल तर गट इतका लहान आहे की मुले ओळखू येऊ नयेत म्हणून तो झाकला आहे.

वाचन आणि गणिताची सक्तीची परीक्षा तिसरीपासून सुरू होते. म्हणून किंडरगार्टन ते पाचवीच्या शाळेत किंडरगार्टन, पहिली, दुसरी यांचा या निकालात मागमूस नसतो. मुलाची ‘प्रगती’ मोजायला तर दोन वर्षांचे गुण लागतात, म्हणजे ती फक्त चौथी-पाचवीवरून काढलेली असते. तरीही दोन शाळांची तुलना करायला मला हाच स्तंभ सर्वांत उपयोगी वाटतो, कारण मूल कुठून निघाले हे त्यात धरलेले असते.

परीक्षेला किती टक्के मुले बसली तेही पाहा. कायद्याची अपेक्षा ९५ टक्क्यांची आहे. आणि दीर्घ गैरहजेरीची ओळ मुळीच सोडू नका. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के, म्हणजे १८० पैकी १८ दिवस बुडवणारी मुले तिच्यात येतात. ती ओळ दरवर्षी वाढत असेल, तर प्रवेशाआधी मुख्याध्यापकांना भेटून मुलीने त्याबद्दल थेट विचारावे.