जुना भाग नव्याने करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : विनोदी मालिका स्वतःचाच जुना भाग पुन्हा चित्रित करते, तेव्हा लेखकांकडचं सगळं संपलं असंच समजायचं ना?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : थकवा हे एक कारण असतं, पण एकमेव नाही. अमेरिकेतली ‘बिविच्ड’ ही साध्या माणसाशी लग्न केलेल्या चेटकिणीची विनोदी मालिका एबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९६४ ते मार्च १९७२ चालली. तिचे २५४ भाग झाले. पहिले दोन हंगाम कृष्णधवल होते, तिसऱ्यापासून रंग आला. पुढच्या हंगामांत जुन्या संहिता बऱ्याचदा नव्याने वापरल्या गेल्या. मालिकेचा अगदी अखेरचा भागसुद्धा दुसऱ्या हंगामातल्या एका भागाची नवी आवृत्ती आहे. जवळ येणाऱ्याला खरं बोलायला लावणारी जादूची वस्तू, ही दोन्हीकडची कल्पना. कृष्णधवल भागात ती मूर्ती होती, रंगीत भागात पिन झाली. मधल्या काळात नायिकेच्या नवऱ्याचं काम डिक यॉर्ककडून डिक सार्जंटकडे गेलं होतं. शिवाय घरी टेप लावून जुना भाग पाहण्याची सोय तेव्हा प्रेक्षकाकडे नव्हती, म्हणून तीच कथा पुन्हा सांगता यायची.

मूर्तीची पिन होणं हा बदल आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मूर्ती कुणीतरी उचलून न्यावी लागते, आणि ती का नेली याचं कारण लिहावं लागतं. पिन कपड्याला लागली की माणसाबरोबर आपोआप फिरते. जुना भाग हाती घेताना असाच एक सांधा शोधायचा असतो.

प्रश्न : आम्ही मित्रमंडळींनी २००४ मध्ये स्थानिक केबलसाठी मिनी-डीव्हीवर (छोट्या डिजिटल टेपवर) एक विनोदी मालिका केली होती. तिच्यातला सर्वांत गाजलेला भाग दिवाळीला यूट्यूबसाठी पुन्हा करायचा आहे. कथा अशी : घरमालक काकूंनी एका भाडेकरूच्या दारात ठेवलेली चिठ्ठी शेजारच्या दाराखालून आत जाते आणि दुसराच मुलगा खोली सोडायची तयारी करतो. आता काकू व्हॉट्सअ‍ॅप वापरतात असं दाखवलं, तर वाचनात कुणी हसत नाही. काय चुकतंय?
– एक गट, कर्वेनगर

उत्तर : तुमची चिठ्ठी तीन कामं करत होती. ती चुकीच्या माणसाला मिळाली. मिळालेल्याला ती आपलीच वाटली. आणि पाठवणारीला चूक कळली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरं आणि तिसरं काम होत नाही. वर नाव दिसतं, निळ्या खुणा दिसतात, ‘हे मला का पाठवलं?’ असं लगेच विचारता येतं, पाठवलेलं पुसूनही टाकता येतं. गैरसमज अर्ध्या मिनिटात मिटतो आणि उरलेला भाग पात्रं मुद्दाम वेड्यासारखी वागतायत असं वाटतं. हसू तिथेच जातं.

पर्यायी वस्तू या तीन कसोट्यांवर घासून पाहा. सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलेलं पार्सल चालेल : वरचा कागद फाटलाय, वॉचमन अंदाजाने देतो, घेणारा उघडतो, पाठवणाऱ्याला ‘पोहोचलं’ एवढंच कळतं. किंवा चिठ्ठी चिठ्ठीच राहू द्या. पुण्यात दारावर सूचना लिहून लावणाऱ्या काकू आजही कुणाला खोट्या वाटणार नाहीत.

तरीही फोन खिशात आहेच. म्हणून प्रत्येक पात्र फोन करून खुलासा का करत नाही, याचं कारण हवं, आणि ते स्वभावातून आलेलं हवं : एकाला भाडं थकल्याची लाज, दुसऱ्याला काकूंचा धाक. बॅटरी संपली हे कारण संपूर्ण भागात फार तर एकदा वापरा.

लिहायला बसण्याआधी जुन्या भागाची उतरवणी करा, आणि ती संहितेवरून नको, संपादित भागावरून करा. सेटवर ओळी बदललेल्या असतात. गाजलेला पंच मूळ कागदावर नसण्याचीच शक्यता जास्त. वहीत रकाने आखा : वेळ, कोण बोलतंय, त्या क्षणी खरं कुणाला माहीत आहे, हातात कुठली वस्तू आहे. मग ज्यांनी तो भाग कधीच पाहिलेला नाही अशा पाच-सहा जणांना दाखवा आणि हशा नेमका कुठल्या सेकंदाला येतो ते टिपा. तुमच्या लाडक्या जागा आणि हशाच्या जागा वेगळ्या निघतील. हशाच्या जागांमागचा ‘कुणाला माहीत आहे’ हा रकाना जसाच्या तसा ठेवा. बाकीचं बदला.

मिनी-डीव्हीच्या टेपा आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे घ्या, म्हणजे चिकटलेली फीत सैल होते. मूळ कॅमेरा सापडला तर त्याच्यावरूनच फायरवायर केबलने संगणकात उतरवा, कारण दुसऱ्या यंत्राच्या हेडला ती फीत कधीकधी नीट वाचता येत नाही आणि चित्रात चौकोन फुटतात. तासाला साधारण १३ जीबी जागा लागेल. नव्या भागात जुने तुकडे घेणार असाल तर जुन्या टीव्हीच्या आकाराचं, म्हणजे ४:३ चं चित्र ताणून रुंद करू नका, चेहरे फुगतात. ते १४४० × १०८० करा आणि १९२० च्या चौकटीत दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेल मोकळे सोडा. डीइंटरलेस करायला (एकाआड एक ओळींत साठवलेलं चित्र सलग करायला) विसरलात तर हलत्या हातांवर कंगव्यासारख्या रेषा येतील.

चौकटीचा परिणाम विनोदावरही होतो. ४:३ मध्ये दार चौकटीच्या अगदी बाहेर असायचं आणि काकू अचानक आत यायच्या. आजच्या रुंद १६:९ मध्ये तेच दार आधीपासून दिसतं, एन्ट्री चोरून होत नाही. दार मागच्या भिंतीत घ्या किंवा कॅमेरा वळवा. जुन्या जागांवरच उभे राहिलात तर पात्रांच्या दोन्ही बाजूंना रिकामी भिंत उरेल. ब्लॉकिंग, म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं आणि कसं हलायचं, नव्याने करा.

कलाकार तेच असतील तर तालमीच्या दिवसांत त्यांना जुना भाग पाहू देऊ नका. नट स्वतःची जुनी लकब उचलतो, पण आता वय वेगळं, दम वेगळा. पॉज लांबतो आणि पंच उशिरा पडतो. पहिली तीन वाचनं घड्याळ लावून करा. जुना भाग १४ मिनिटांचा असताना वाचन १७ वर गेलं, तर आधी ओळी कापा. भरभर बोलून वेळ भरून काढू नका.

दिवाळीला दाखवायचं म्हणजे चित्रीकरण पावसाळ्यात पडणार. गणपतीच्या आधीचे काही आठवडे नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू होतो आणि तो आवाज बंद खिडकीतूनही माइकवर येतो. संवादाचे शॉट दुपारी संपवा.

प्रश्न : मूळ भागातली मावशी करणारी आमची कलाकार आता नाही. तिची भूमिका दुसरीला द्यावी की भाग सोडून द्यावा?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : भाग ठेवा, पात्र बदला. ‘बिविच्ड’मध्ये मेरियन लॉर्न क्लॅरा नावाची विसराळू म्हातारी चेटकीण करायच्या. मे १९६८ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची जागा कुणाला क्लॅरा म्हणून दिली नाही. पुढे अ‍ॅलिस घोस्टली यांची एस्मेराल्डा आली : बुजरी, घाबरली की अदृश्य होणारी. क्लॅराच्या काही जुन्या कथा एस्मेराल्डासाठी बेतून घेतल्या गेल्या. दोघींची जादू फसते, पण क्लॅराची विसरण्यातून आणि एस्मेराल्डाची घाबरण्यातून. तुमच्या मावशीची चूक कशातून यायची ते एका वाक्यात लिहा, नव्या कलाकाराला साजेसं दुसरं मूळ द्या, मग संवाद पुन्हा लिहा. मावशीच्या ओळी तशाच नव्या तोंडी घातल्या तर प्रेक्षक सतत तुलना करत बसेल आणि नव्या बाईंवर अन्याय होईल.

नटांची निवड किती बोलते याचा दाखला ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकी विनोदी मालिकेचा. तिचा पहिला भाग तीनदा झाला. १९६८ आणि १९६९ चे दोन नमुना-भाग एबीसीने नाकारले आणि अखेर १२ जानेवारी १९७१ ला सीबीएस वाहिनीवर मालिका सुरू झाली. आई-वडील करणारे कॅरल ओ’कॉनर आणि जीन स्टेपलटन तिन्ही वेळा तेच होते. मुलगी आणि जावई दर वेळी बदलले. तिसऱ्या खेपेला सॅली स्ट्रदर्स आणि रॉब रायनर आले. सासरा-जावयाच्या भांडणावर उभ्या असलेल्या घरात जावई तुल्यबळ लागतो.

प्रश्न : त्या भागाचा लेखक गटातून बाहेर पडलाय. चित्रफीत आमची आहे. परवानगी लागेल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : लागेल. चित्रफितीचे हक्क निर्मात्याकडे असतात, पण संहिता हे वेगळं साहित्य आहे. लेखक पगारी नोकर नसेल आणि त्याने सही करून हक्क लेखी दिले नसतील, तर ते त्याच्याकडेच आहेत. जुनं पत्र सापडलं तर मुदत पाहा : कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. यूट्यूब जगभर दिसतं, म्हणून ‘संपूर्ण जग’ असं स्पष्ट लिहा. पत्रात भागाचं नाव, पुनर्निर्मिती आणि बदल करण्याची मुभा, मुदत, मानधन आणि श्रेयनामावलीत नाव कसं येणार हे घाला. चित्रीकरणाच्या आधी सही घ्या. नंतर मागितली आणि त्याने नकार दिला तर झालेला सगळा खर्च अडकून पडतो.