‘तीव्र’ ल्युकेमिया म्हणजे किती तीव्र?

प्रश्न असा आहे : रक्ताच्या कर्करोगाच्या अहवालात ‘अक्यूट’ किंवा ‘क्रॉनिक ल्युकेमिया’ लिहिलेले असते, त्याला मराठीत ‘तीव्र’ आणि ‘जुनाट’ म्हणावे का?

कोशात हे प्रतिशब्द आहेत, पण या आजारापुरते ते मला खटकतात. ‘तीव्र’ म्हटले की आजार शेवटच्या टप्प्याला गेला असे घरच्यांना वाटते. ‘जुनाट’ म्हटले की इतकी वर्षे कुणाचे लक्ष कसे गेले नाही, असा ठपका उगाच बसतो. डॉक्टरांना यातले काहीच सुचवायचे नसते. रक्तपेशी पक्व होण्याच्या वाटेवर कुठे अडकल्या आहेत, ते त्यांना सांगायचे असते.

अस्थिमज्जेत नव्या पेशी ज्या कोवळ्या अवस्थेतून जातात तिला ब्लास्ट म्हणतात. निरोगी मज्जेत ब्लास्टचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असते. पेशी तिथेच अडकून झपाट्याने वाढू लागल्या की ल्युकेमिया अक्यूट. मायलॉइड प्रकारात (हे पेशींचे एक कूळ, त्याबद्दल पुढे) १९७६च्या वर्गीकरणाने त्यासाठी ३० टक्क्यांची रेघ आखली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००१मध्ये ती २०वर आणली. आता काही ठरावीक जनुकीय बदल सापडले तर ब्लास्ट त्याहून कमी असले तरी निदान होते. क्रॉनिक प्रकारात पेशी बऱ्याच अंशी पक्व झालेल्या असतात आणि आजार संथ चालतो.

नावातला दुसरा शब्द, मायलॉइड किंवा लिम्फॉइड, पेशींचे कूळ सांगतो. ग्रीकमध्ये ‘म्येलोस’ म्हणजे मज्जा, म्हणून काही जण मायलॉइडला ‘मज्जाजन्य’ करतात. ते टाळावे, कारण लिम्फॉइड प्रकारही बहुधा मज्जेतच सुरू होतो. सूक्ष्मदर्शकाखाली कूळ नेहमी ओळखू येत नाही. मग फ्लो सायटोमेट्रीने पेशींवरच्या खुणा पाहतात : सीडी१९ ही खूण दिसली तर बी-पेशींकडे बोट, सीडी३ दिसली तर टी-पेशींकडे; दोन्ही लिम्फॉइड कुळातल्या.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाची ओळख तर गुणसूत्रात आहे. १९६०मध्ये सापडलेले फिलाडेल्फिया गुणसूत्र ९व्या आणि २२व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून बनते, हे १९७३मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी दाखवले. या आजारात पुढे ब्लास्ट वाढले तरी ‘क्रॉनिक’ हे नाव बदलत नाही. त्या अवस्थेला ब्लास्ट फेज म्हणतात. उलट अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया नावाने अक्यूट, सुरुवातीचे दिवस अत्यंत धोक्याचे, म्हणून नुसत्या संशयावरही औषध सुरू करतात. तरीही रेटिनॉइक आम्ल आणि आर्सेनिक यांच्या उपचाराने बरे होण्याची शक्यता सर्वाधिक असलेल्या ल्युकेमियांत तो मोडतो. त्याला ‘तीव्र’ म्हणून रुग्णाला काय कळणार?

लेखनात मी ‘आशुकारी’ आणि ‘चिरकारी’ निवडेन. आशु म्हणजे जलद, चिर म्हणजे दीर्घकाळ; दोन्ही शब्द आजाराची चाल सांगतात, गांभीर्य ठरवत नाहीत. रुग्णाशी बोलताना मात्र ‘अक्यूट’च ठेवावे आणि लगेच पुढे जोडावे : ‘म्हणजे कोवळ्या पेशींचा, भराभर वाढणारा, म्हणून उपचार लगेच हवेत.’