सर्टिफिकेटपेक्षा देखरेखीखालचे तास मोजा

अंबाजोगाईच्या ताई, तुमचं मानसशास्त्रात बी.ए. झालंय. अमेरिकेतल्या मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टसारखं, म्हणजे जोडप्यांशी आणि कुटुंबांशी बोलून त्यांचे प्रश्न हाताळण्याचं काम आपल्या भागात करायचंय, आणि त्यासाठी सहा आठवड्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटला चाळीस हजार भरावेत का, असं विचारलंत. भरू नका. ते पैसे पुढच्या पदवीसाठी ठेवा.

अमेरिकेत या कामाचा वेगळा परवाना आहे आणि तो त्या-त्या राज्याकडून मिळतो. कॅलिफोर्नियात पदव्युत्तर पदवीखेरीज ३००० तास देखरेखीखाली काम करावं लागतं, त्यातले किमान ५०० तास जोडपी, कुटुंबं आणि मुलं यांच्याबरोबरचे. आपल्याकडे या नावाचा परवाना नाही, त्यामुळे ‘फॅमिली थेरपिस्ट’ अशा पाट्या पुष्कळ दिसतात. आजारावर उपचार करायचे असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला क्लिनिकल सायकॉलॉजीचा अभ्यासक्रमच करा. त्याचे नियम बदलत असतात, परिषदेच्या संकेतस्थळावर ताजे बघा. कुटुंबासोबत काम करायचं असेल तर एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए., दोन्ही वाटा चांगल्या. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत सायकियाट्रिक सोशल वर्कचं, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत करायच्या समाजकार्याचं शिक्षण आहे, कौटुंबिक उपचारांची तिथली परंपरा जुनी आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे, तुमच्यापासून ते फार लांब नाही.

पण पदवीने निम्मंच काम होतं. मी एम.एस.डब्ल्यू. करून एका समुपदेशन केंद्रात नुकती लागले होते. एक जोडपं आलं, सोबत सासू आणि मुलीचा भाऊ. मी त्या दोघांना बाहेर बसवलं, नवरा-बायकोशी तासभर बोलले, समझोता लिहून घेतला. तिसऱ्या आठवड्यात मुलगी परत माहेरी. माझ्या वरिष्ठ बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, खुर्च्या काढ. कोण कुठं बसलं होतं, तू कुणाला विचारलंस आणि उत्तर कुणी दिलं? काढता काढता आठवलं, सुरुवातीला मी सुनेला जे जे विचारलं त्याचं उत्तर सासूनेच दिलं होतं. घरचा पैसा तिच्या हातात, नातू तिच्याजवळ. मी तिलाच दाराबाहेर ठेवून घरातला वाद मिटवायला निघाले होते. दोन वर्षं पुस्तकं वाचूनही हे मला दिसलं नव्हतं.

पुस्तकातलं मात्र सोडू नका. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांच्या विचारातून आलेला जेनोग्राम, म्हणजे कुटुंबाच्या तीन पिढ्यांचा नकाशा (पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ), मी आजही पहिल्या-दुसऱ्या भेटीत काढते. आपल्या भागात तो थोडा वाढवावा लागतो. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीने घेतलेली असते. बाई म्हणते, मला नांदायचं नाही. पण ती निघाली तर कोयता मोडतो आणि मुकादमाची उचल अंगावर राहते. म्हणून माझ्या नकाशात मुकादमही असतो. मुली आजीकडे गावी राहतात, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, आईबाप परततात, तोवर घराच्या कारभाराची घडी बदललेली असते. मुलीचं लग्न लवकर उरकण्याची घाईसुद्धा पुष्कळदा इथूनच सुरू होते. नुसतं ‘संवाद वाढवा’ सांगून यातलं काही सुटत नाही.

भाषाही शिकावी लागते. आमच्याकडे येणारी बाई ‘डिप्रेशन’ म्हणत नाही. ‘करमंना’, ‘डोकं उठलंय’, ‘जीव कशातच लागंना’ म्हणते. ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या, लगेच इंग्रजी नाव देऊ नका.

एका गोष्टीबाबत मी कुणाचंच ऐकत नाही. मारहाण होत असेल तर दोघांना एकत्र बसवून तडजोड करायची नाही. बाई नवऱ्यासमोर खरं बोलते तेव्हा त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. आधी तिला एकटीला भेटा, तिची सुरक्षितता बघा, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याची माहिती द्या. भावकीच्या बैठकीत ‘मिटवून टाका’ म्हणणारे पुष्कळ असतात, आपण त्यांत भर घालायची नाही. अल्पवयीन मुलीवर लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं, तिथं गुप्ततेचं कारण चालत नाही. पहिल्या भेटीतच हे समोर आलेल्या माणसाला सांगून ठेवा.

आता प्रवेश घेण्याआधी त्या विभागात स्वतः जा आणि तीन गोष्टी विचारा. फील्डवर्कमध्ये प्रत्यक्ष कुटुंबांसोबत किती तास काम मिळतं? ते कोणत्या केंद्रात? आणि दर आठवड्याला तुमच्या केसवर तुमच्याशी बसून कोण बोलणार? तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं ठिकाण बघा. काय सांगितलं ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.