हळदीचा डाग लाल झाला, आता पैठणी घरी धुवू का ड्रायक्लीनला देऊ?

प्रश्न : ताई नमस्कार. लेकीच्या लग्नाला आज नऊ दिवस झाले. ओटी भरताना तिच्या पैठणीच्या निऱ्यांवर हळदीची बोटं लागली, पंगतीत वाढताना पदराला भाजीची तर्री लागली, आणि ब्लाऊज तर मे महिन्याच्या घामानं पार खराब झालाय. मी हळदीवर ओला साबण चोळला तर डाग लालच झाला, घाबरून तिथंच थांबले. सासूबाई म्हणतात रिठ्यात धुऊन टाक, जाऊबाई म्हणतात शाम्पू लाव, आणि परभणीचा ड्रायक्लीनवाला साडेचारशे रुपये मागतोय वर म्हणतोय हळदीची गॅरंटी नाही. लेकीला मंगळागौरीला तीच नेसायचीय. काय करू?
— एक आई, जिंतूर

उत्तर : ताई, आधी घाबरणं सोडा, साडी जळली नाही का तिचा रंग गेला नाही. हळदीत चुना कालवला की लाल होते ते आपण सगळ्यांनीच बघितलंय, साबणातही तसाच खार असतो म्हणून डाग लाल दिसतोय. थांबलात ते फार बरं केलं, कारण रेशीम ओलं असताना चोळलं की तिथला धागा पिंजतो आणि मग हळद निघाली तरी तो पांढुरका पट्टा कायमचा राहतो. आता स्वच्छ सुती फडकं साध्या पाण्यात भिजवून, पिळून, डागावर नुसतं टेकवत जा म्हणजे उरलेला साबण निघेल. लिंबू किंवा व्हिनेगरनं लाल परत पिवळं होतं पण डाग काही जात नाही, आणि काठाजवळ तर आंबट अजिबात नको, काठाची जरी काळी पडते. उन्हात हळद उडते खरी, सुती पातळ असतं तर मीच म्हणले असते टाका गच्चीवर, पण पैठणीचा जांभळा-हिरवाही त्याच उन्हात उडेल.

तर मग घरी का बाहेर? तुमची ही साडी बाहेरच द्या, आणि हे मी पैशाकडं बघून नाही डागाकडं बघून सांगतेय. ड्रायक्लीनमध्ये पाणी नसतं, पेट्रोलसारखं द्रावण असतं, त्यात तेल-तूप विरघळतं म्हणून पदरावरची तर्री तिथंच जाईल. पण घामातलं मीठ, सरबत, जिलबीचा पाक हे त्या द्रावणात विरघळत नाही. त्यांना आधी हातानं थोडं पाणी लावून काढावं लागतं आणि ते कुठं लावायचं हे दुकानदाराला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार कसं? माझ्या स्वतःच्या लग्नाचा ब्लाऊज असाच काही न सांगता दिला होता, परत आला तेव्हा अगदी नवा दिसत होता, दिवाळीला काढला तर काखेत पिवळी वर्तुळं. दुकानाचं नाव कशाला घेऊ, मीच बोलले नव्हते. त्यामुळं प्रत्येक डागाजवळ कच्चा दोरा घाला, हा हळदीचा, हा तेलाचा, हा घामाचा असं सांगून द्या, साबण लावला होता हे पण लपवू नका. लहान गावातली दुकानं बऱ्याचदा कपडे गोळा करून मोठ्या गावाला पाठवतात, तेव्हा हे सगळं चिठ्ठीवर लिहूनही द्या, पण ती पिन करून नका देऊ, टाचणीनं रेशीम फाटतं, दोऱ्यानंच बांधा. आणि डाग निघाल्याशिवाय रोल प्रेस करू नका म्हणावं, गरम इस्त्रीखाली साखरेचा न दिसणारा डाग तपकिरी होऊन पक्का बसतो.

सासूबाईंचा रिठा चुकीचा नाही बरं का, साबणापेक्षा रेशमाला तो कितीतरी सौम्य. अडचण आहे आपल्या बोअरच्या पाण्याची. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्या जड पाण्यात साबण लावला तर चिकट साका धरतो आणि रेशमाची चमक जाते, रिठा लावला तरी पाण्यातला क्षार धाग्यावर वाळतोच. शिवाय खाली लावलेला फॉल सुती असतो, आधी भिजवून लावला नसेल तर पाण्यात आटतो आणि काठाला चुण्या पडतात. ब्लाऊज मात्र, अस्तराचा रंग जात नसेल तर, काखेपुरता जारच्या थंड पाण्यानं आतून टिपून घ्या, हे आजच करा. डाग घालवायच्या पावडरी नकोत, त्यातली काही एन्झाइमं रेशीमच खातात, आणि ब्लीच तर रेशीम विरघळवतं.

एक विचारायचं राहिलं, पैठणी हातमागाची आहे का सेमी? पदर उलटा करून बघा, हातमागाची दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मोर मागूनही मोरच. मागं धागे लोंबत असतील तर मशीनची. पदराच्या गोंड्यातला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा, केस जळल्याचा वास येऊन राख चुरगळली तर रेशीम, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. पॉलिस्टर निघालं तर साडेचारशे कशाला घालवता, रिठ्यात घरी धुवा, सासूबाईंचंही मन राहील.

परत आली की प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच काढा, मलमलमध्ये गुंडाळा, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, एकाच घडीवर जरीचा धागा तुटतो. अत्तर नेसायच्या आधी लावायचं, साडीवर नाही, हे लेकीला आत्ताच सांगून ठेवा.

प्रश्न : माझ्या रिसेप्शनच्या घागऱ्यावर खडे चिकटवलेले आहेत आणि घेराला खाली माती लागलीय. ड्रायक्लीनला देऊ का?
— नवी नवरी, नांदेड

उत्तर : चिकटवलेले असतील तर थांब बाई, त्या द्रावणात डिंक सुटतो आणि खडे गळतात. दुकानात आधी एक खडा दाखवून विचार, हो म्हणाले तरी घागरा उलटा करून कापडी पिशवीत घालून धुवायला सांग. माती तर पूर्ण वाळू दे, मग मऊ ब्रशनं झटक, निम्मी तिथंच जाईल. उरलेलीसाठी नेट सिंथेटिक असेल तर फक्त घेर कोमट पाण्यात थोडा शाम्पू टाकून बुडव, वरचा भाग कोरडाच ठेव, आणि दोरीवर टांगू नकोस, खड्यांच्या वजनानं नेट ताणतं, चादरीवर सावलीत पसर.