सहसंबंध 0.98 आला, मग ग्लुकोमीटर आणि लॅबची शुगर जुळते असं लिहू का?

ठाण्यात डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करताना तुम्ही 40 पेशंटची शुगर ग्लुकोमीटरवर आणि लॅबच्या मशीनवर मोजलीत, सहसंबंध 0.98 आला, आणि आता प्रोजेक्टमध्ये "दोन्ही पद्धती जुळतात" असं लिहायचं म्हणताय. कृपा करून लिहू नका.

समजा लॅबचे आकडे (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) 65, 120, 200 आहेत आणि मीटरचे 85, 140, 220. सहसंबंध बरोब्बर 1! पण 65 वाल्याची शुगर उतरली आहे, त्याला आत्ता साखर द्यायला हवी, आणि मीटर 85 दाखवतंय. एक आकडा वाढला की दुसरा त्याच्या मागोमाग वाढतो का, एवढंच सहसंबंध बघतो. शिवाय 60 पासून 400 पर्यंतचे पेशंट घेतले की तो आपसूक फुगतो.

ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी 1986 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यावर सोपी रीत मांडली. प्रत्येक पेशंटचा मीटर वजा लॅब हा फरक काढा. समजा त्या फरकांची सरासरी 6 आणि प्रमाण विचलन (फरक सरासरीभोवती किती पसरलेत ते) 9 आलं. 6 मधून 1.96 गुणिले 9 एकदा वजा करा, एकदा त्यात मिळवा: उणे 11.6 ते अधिक 23.6. साधारण 95 टक्के फरक या पट्ट्यात येतात. मात्र 40 पेशंटवर ही टोकंही पक्की नसतात; वरचं टोक 19 ते 29 मध्ये कुठेही असू शकतं. तेही लिहा. आलेखात आडव्या अक्षावर दोन्ही रीडिंगची सरासरी घ्या, उभ्यावर फरक. शुगर वाढेल तसे ठिपके फाकत गेले तर फरक टक्क्यांत काढा.

एवढा पट्टा चालेल का, हे गणित सांगत नाही. ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ 15197 च्या 2013 च्या मानकात मीटरची 95 टक्के रीडिंग लॅबच्या आकड्यापासून, शुगर 100 च्या खाली असेल तर 15 मिलिग्रॅमच्या आत आणि 100 पासून पुढे 15 टक्क्यांच्या आत लागतात. तुमची मर्यादा आलेख काढायच्या आधी ठरवा.

मी नेरुळच्या एका छोट्या लॅबमध्ये काम करते. एकदा आमचे जवळजवळ सगळे फरक अधिकच्या बाजूला आले आणि आम्ही मीटरला दोष देत बसलो. मग वेळा तपासल्या. कलेक्शन सेंटरवरून रक्त साध्या नळीत येत होतं आणि दोन-अडीच तासांनी सेंट्रिफ्यूजला (रक्त फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या मशीनला) लागत होतं. नळीतल्या पेशी तोवर साखर खात राहतात, तासाला 5 ते 7 टक्के, म्हणजे लॅबचाच आकडा कमी येत होता. तेव्हा तुमच्या तक्त्यात बोट टोचल्याची, रक्त काढल्याची आणि सेंट्रिफ्यूजची वेळ असे तीन रकाने वाढवा. जेवणानंतर बोटातली शुगर शिरेतल्यापेक्षा तशीही जास्त असते, म्हणून उपाशीपोटीचे पेशंट वेगळे काढून बघा.