चौकट तिने काढली, चेहरा तिने शोधला नाही

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. वर्षभरापासून ती स्वतःच पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकते आहे. ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी तयार लायब्ररी वापरून फोटोंवर आणि व्हिडिओवर रेघा, गोल, चौकोन काढण्याचा तिला नाद आहे. कधी नुसता गोल गोल फिरणारा ठिपका करत बसते. मध्यंतरी तिने एक प्रोग्रॅम केला. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर आलं की चेहऱ्याभोवती हिरवी चौकट येते. मी त्याचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, 'आमच्या लेकीने एआय बनवलं' म्हणून. ती म्हणाली, 'बाबा, चौकट मी काढली, चेहरा मी शोधला नाही.' पण ती पहिल्यापासून लाजरी आहे. तिच्या इंजिनिअर आतेभावाने 'मॉडेल कुठलं वापरलंस?' विचारलं, त्यावर तिने उत्तरही दिलं नाही. गणितात सहामाहीला 100 पैकी 58 आहेत. मला वाटतं, रेघोट्या आता पुरे झाल्या. सहा महिन्यांच्या एका एआय कोर्सला मी तिची जागा राखून ठेवली आहे. तो कोर्स आणि प्रवेश परीक्षेची तयारी दोन्ही झेपेल का? सध्या तीन आठवडे तिने लॅपटॉप उघडलेला नाही. अभ्यासासाठीच असावं. आणखी एक, व्हिडिओवर ती स्वतःचं नाव मराठीत लिहायला गेली की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. सॉफ्टवेअर सदोष आहे का?
— एक वडील

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

अभ्यासासाठी नसावं. वर्षभर कुणी न सांगता रोज बसणारी मुलगी एकाएकी लॅपटॉप बंद करते आणि वडिलांना त्याचं कारण अभ्यास वाटतं. पण खरं कारण तुम्ही स्वतःच चार ओळी आधी लिहिलं आहे. तुम्ही चार लोकांत तिच्या नावावर असं काम लावलंत, जे तिने केलेलं नाही. तिने ते लगेच आणि नेमक्या शब्दांत सांगितलं. तुम्ही ते लाजरेपणाच्या खात्यात टाकलंत. मग आतेभावाचा प्रश्न आला. आता तिने काय करायचं होतं? खरं सांगावं तर सगळ्यांसमोर बाबा खोटे पडतात, बाबांची बाजू राखावी तर ती स्वतः खोटी पडते. ती गप्प बसली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीकडून आणखी कुठलं उत्तर तुम्हाला हवं होतं?

माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत पालकांचा दबाव बहुतेक वेळा नकाराचा असतो. हे करू नकोस, ते सोड, मार्क बघ. तुमचा दबाव कौतुकाचा आहे आणि तो ओळखायला जास्त कठीण. रागावणाऱ्या बापाशी भांडता तरी येतं. अभिमानाने छाती फुगलेल्या बापाला 'तुम्ही म्हणता तेवढं मी केलेलं नाही' हे किती वेळा सांगायचं? एकदा सांगून पाहिलं, ऐकलं गेलं नाही. आता ती पुढचं काही करून दाखवेल, तेही ग्रुपवर जाईल आणि त्यालाही मोठं नाव लागेल. त्यापेक्षा काही न करणं सोपं. तिने तेच केलं आहे.

आता ज्या गैरसमजातून हे घडलं, त्याबद्दल जरा सविस्तर, कारण तुमच्यासारखे सुशिक्षित लोकही हीच गफलत करतात. पडद्यावर चेहऱ्याभोवती चौकट दिसली की आपल्याला वाटतं, चौकट काढणाऱ्याने चेहरा ओळखला. ही दोन वेगळी कामं आहेत. ओपनसीव्हीसोबत चेहरा शोधणारी तयार फाइल मिळते, आतेभाव ज्याला 'मॉडेल' म्हणाला तेच हे. नवशिके बहुतेक तीच वापरतात आणि तुमच्या वर्णनावरून तिनेही तीच वापरली असावी. त्यामागची पद्धत पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स या दोघांनी 2001 मध्ये मांडली. डोळ्यांची पट्टी गालांच्या वरच्या भागापेक्षा काळसर असते, अशा उजेड-अंधाराच्या असंख्य छोट्या फरकांवरून ती चेहरा ठरवते. हे फरक हजारो चित्रांवरून आधीच शिकवून त्या फाइलमध्ये भरलेले असतात. म्हणूनच मान पूर्ण बाजूला वळवली की चौकट गायब होते. घरी करून बघा. ती फाइल चार आकडे देते : डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. तुमच्या मुलीचं काम तिथून सुरू होतं. त्या चार आकड्यांवरून दोन विरुद्ध कोपरे काढायचे, रंग आणि रेघेची जाडी सांगायची, की चौकट उमटते. तेच आकडे तिने हाताने टाइप केले असते, तर मागच्या कोऱ्या भिंतीवरही तितक्याच ऐटीत चौकट आली असती. चौकटीला चेहऱ्याचं काहीही कळत नाही. हे तुमच्या मुलीला पक्कं कळलेलं आहे, आणि या क्षेत्रात पैसे घेऊन काम करणाऱ्या सगळ्यांना ते इतकं स्पष्ट असतंच असं नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मग तिने केलं तरी काय, नुसत्या रेघोट्याच ना? नाही. तुम्ही चुकीच्या गोष्टीचं कौतुक केलंत एवढंच. कौतुकाची गोष्ट तो गोल गोल फिरणारा ठिपका आहे.

तो ठिपका फिरवायचा तर दर फ्रेमला, म्हणजे व्हिडिओतल्या प्रत्येक चित्राला, त्याची जागा नव्याने काढावी लागते. केंद्राच्या आडव्या अंतरात त्रिज्या गुणिले कोसाइन मिळवायचं, उभ्या अंतरात त्रिज्या गुणिले साइन. वहीत y वर वाढतो. पडद्यावर मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होते आणि y खाली वाढत जातो. त्यामुळे कोन वाढवला की ठिपका पुस्तकातल्यासारखा उलटा न फिरता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याला उलट फिरवायचं तर कुठलं चिन्ह बदलायचं, हे तिला शोधावं लागलं असणार. वर गोल काढणाऱ्या फंक्शनला केंद्र पूर्णांकातच लागतं, अपूर्णांक दिला की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. म्हणजे कुठे पूर्णांक करायचा हेही ठरवायचं. आधी केला आणि मग त्यात भर घालत गेलं, तर ठिपका हळूहळू वाट सोडतो.

दुसरी गोष्ट तर मला याहून मोलाची वाटते. प्रोग्रॅमच्या लेखी चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. 640 बाय 480 ची एक साधी फ्रेम घेतली तर 3,07,200 ठिपके, प्रत्येकाचे 3 रंग, म्हणजे 9,21,600 आकडे, प्रत्येक 0 ते 255 मधला. रेघ काढली की त्यातले काही आकडे बदलतात आणि आधीचे कायमचे जातात. ओपनसीव्हीत थर नाहीत, आधीचं परत आणणारं बटण नाही. म्हणून एकाच काळ्या चित्रावर ठिपका हलवला की मागे शेपटी राहते, आणि कॅमेऱ्याच्या व्हिडिओवर मात्र काढलेला गोल पुढच्याच फ्रेमला नाहीसा होतो, कारण ती फ्रेम नवी कोरी आलेली असते. पहिल्या ठिकाणी दर वेळी मूळ चित्राची प्रत घ्यायची, दुसऱ्या ठिकाणी दर फ्रेमला गोल पुन्हा काढायचा. हे ज्याच्या डोक्यात एकदा बसलं, त्याला पुढे संगणकातल्या दृश्यांचं कुठलंही काम परकं वाटत नाही.

आणि हिरवा रंग! जवळजवळ सगळे नवशिके हिरवीच चौकट काढतात. रंगांचा नेहमीचा क्रम लाल-हिरवा-निळा, ओपनसीव्हीत तो निळा-हिरवा-लाल असा उलटा आहे. हिरवा दोन्ही क्रमांत मधोमधच, त्यामुळे काही बिघडत नाही. ज्या दिवशी लाल मागितला आणि निळा आला, त्या दिवशी हे समजतं. तिला विचारून बघा तो दिवस आठवतो का. चाचणीच्या मार्कांपेक्षा हा प्रश्न तुमच्या दोघांत जास्त बोलणं घडवेल.

58 मार्कांबद्दल मला फारशी चिंता नाही, पण ते सोडूनही देऊ नका. साइन-कोसाइन रोज वापरणाऱ्या मुलीला त्याच प्रकरणाच्या पेपरात मार्क पडत नसतील, तर अडचण बहुधा मांडणीची, वेळेची किंवा पायऱ्या गाळण्याची असते. तिची उत्तरपत्रिका आणि तिचा प्रोग्रॅम शेजारी ठेवून गणिताच्या शिक्षकांकडे न्या. कुठे अडतंय ते त्यांना दहा मिनिटांत दिसेल.

आता कोर्स. राखून ठेवलेली जागा सोडून द्या. अकरावीच्या मुलांना सहा महिन्यांत एआय शिकवू म्हणणारे बहुतेक वर्ग त्यांच्याकडून हेच करून घेतात : तयार मॉडेल आणायचं, दहा ओळी चिकटवायच्या, चौकट उमटली की प्रमाणपत्र द्यायचं. म्हणजे ज्या गोष्टीला तुमची मुलगी 'हे माझं नाही' म्हणाली, तिलाच 'हे माझं' म्हणायला शिकवण्यासाठी तुम्ही पैसे भरणार. ओपनसीव्ही मोफत आहे. इंटेलमध्ये 1999 साली तिचं काम सुरू झालं, तेव्हापासून ती वाढतेच आहे. तिच्या अधिकृत दस्तऐवजांत पायथनचे धडे आहेत, आकार काढण्याचा वेगळा धडा आहे, माउसने चित्र काढण्याचाही आहे. वर्षभर तिला कोर्स लागला नाही, आताही लागणार नाही.

प्रवेश परीक्षेचं म्हणाल, तर कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, गणित, संख्याशास्त्र यातला कुठलाही रस्ता या कामाकडे येतो. तयारी इतर मुलांसारखीच करायची, वेगळं काही नाही. फक्त एक लक्षात असू द्या, चित्रांवर आकार काढणारे प्रोग्रॅम एआयवाल्यांपुरते नाहीत. वैद्यकीय प्रतिमांवर गाठीची कड आखणं, उपग्रहाच्या चित्रावर शेताची हद्द दाखवणं, सामन्याच्या प्रक्षेपणात चेंडूचा मार्ग उमटवणं, कारखान्यात सुट्या भागावरचा तडा दाखवणं, हे सगळं त्यात येतं. त्यातलं तिला काय आवडेल हे आज ठरवायची काही घाई नाही, आणि ते तुम्ही तर ठरवायचंच नाही.

तिला पुढची पायरी हवीच असेल तर मी एक सुचवते, पण ती तिने मागितली तरच सांगा. एका ठळक रंगाचा चेंडू कॅमेऱ्यासमोर हलवायचा आणि त्याच्यामागे त्याची वाट रेघेने काढायची. यात तयार मॉडेल लागत नाही. फ्रेम एचएसव्ही रंगपद्धतीत (रंगछटा, रंगाचा गडदपणा आणि उजळपणा वेगवेगळे मोजणाऱ्या) न्यायची, चेंडूच्या रंगाची वरची-खालची मर्यादा ठरवायची (रंगछटा इथे 0 ते 179 मध्येच मोजतात, 360 पर्यंत नाही, पुष्कळ जण इथेच फसतात), उरलेल्या ठिपक्यांची बाह्यरेषा काढायची, तिच्याभोवती लहानात लहान वर्तुळ बसवायचं. मग दर फ्रेमचं केंद्र एका यादीत साठवायचं आणि जोडत जायचं. दिवा बदलला की रंग चुकेल, मागे त्याच रंगाचा कपडा आला की चेंडू दोन होतील, आणि हे प्रश्न तिलाच सोडवावे लागतील. यातलं शोधणं आणि काढणं दोन्ही तिचंच असेल. मग आतेभावाने काहीही विचारू दे.

पण त्याआधी तुमचं एक काम आहे आणि ते या आठवड्यात करा. त्याच ग्रुपवर लिहा : 'मी चुकीचं सांगितलं होतं. चेहरा शोधणारा भाग तयार मिळतो, चौकट काढणारा भाग तिने लिहिला आहे, आणि हा फरक तिनेच मला सांगितला होता.' एवढंच. पुढे हसरं तोंड नको, 'तरी पण कमाल आहे' नको. पाठवण्याआधी तिला दाखवा आणि ती नको म्हणाली तर पाठवू नका. पण आतेभावाला मात्र स्वतः फोन करून हे सांगा. यापुढे तिचं काहीही तिच्या परवानगीशिवाय पाठवायचं नाही, हेही तिला एकदा तोंडाने सांगा. ती लगेच लॅपटॉप उघडेल अशी अपेक्षा धरू नका आणि उघडला तर 'उघडलास वाटतं!' असं म्हणू नका.

राहिला प्रश्नचिन्हांचा. तेवढा तिलाच वाचायला द्या.

मुली, तुझं काही चुकलेलं नाही आणि सॉफ्टवेअरही बिघडलेलं नाही. ओपनसीव्हीच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत चित्रावर मजकूर लिहिणारं फंक्शन हर्शी नावाचे फॉन्ट वापरतं. अ‍ॅलन हर्शी यांनी ते 1960 च्या दशकात सरळ रेघांच्या तुकड्यांतून बनवले, आणि त्या फंक्शनला देवनागरी येत नाही. न ओळखलेल्या अक्षराच्या जागी ते प्रश्नचिन्ह टाकतं. पिलो ही लायब्ररी घे, देवनागरीचा ट्रूटाइप फॉन्ट दे, नाव त्यावर लिही आणि चित्र पुन्हा नमपाय अ‍ॅरेमध्ये (ओपनसीव्हीला लागणाऱ्या आकड्यांच्या तक्त्यात) आण. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडली किंवा जोडाक्षर सुटं झालं, तर तुझ्या पिलोला राक्म ही मांडणीची लायब्ररी सापडत नाही असं समज आणि ती बसव. पिलो लाल-हिरवा-निळा असा क्रम धरतं, त्यामुळे जाताना एकदा आणि परत येताना एकदा रंगांचा क्रम उलटावा लागेल.